अठ्ठेचाळीस तास अंधार

सोमवार, १२ मे १९८६. हजर: वनस्पतिशास्त्राचे बोरकुटे सर, शिपाई महादेव, भांडार सांभाळणारी मी आणि एक ऑर्किड. गैरहजर: विभागप्रमुख. विभागातल्या एकुलत्या कूलरचं तोंड ऑर्किडकडे असल्यामुळे ते मे महिनाभर रजेवरच असत.

"तिले गरमी सोसत नाही," सर म्हणत.

"अन् मले, सर?"

"तू काय दुर्मिळ आहे काय गा, महादेव?"

पानाला हिरवं करणारे जे बारीक कण असतात, त्यांतला आनुवंशिक मजकूर सरांना वाचायचा होता. लाखावर अक्षरं, एकेक करून. त्यासाठी एक पान कापून वाटायचं, आणि त्याआधी पानातलं पिष्ट संपावं म्हणून रोप सलग अठ्ठेचाळीस तास मिट्ट अंधारात ठेवायचं. मी यादी केली: कपाट रिकामं करणे, बर्फ, ब्लेड, पान कापणे. पहिल्या तिन्हींवर दर आठवड्याला खूण होई. चौथ्यावर कधीच नाही, कारण सर मध्येच कपाट उघडत. एकदा भर दुपारी स्टुलावर बसून, डोकं कपाटात घालून बोलताना सापडले.

"सर, हे काय?"

"काही नाही, बाई. अंधारात बिचकली असंल."

झालं! अठ्ठेचाळीस तास पुन्हा पहिल्यापासून.

त्या सोमवारी अकरा वाजता कपाटाला कुलूप लावून मी किल्ली पदराला बांधली. "बुधवारी अकराला पान कापायचं म्हणजे कापायचं."

सरांनी कूलरचं तोंड कपाटाकडे वळवलं. मग म्हणाले, "हा मजकूर रोपाले फक्त मायकडून येते, बाई. बापाचा एक शब्द नाही त्यात." कपाटाकडे बोट करून, "रामटेकच्या डोंगरातून सरपण आणलं मायनं, त्याच्या फांदीवर होती ही. चुलीत नाही घातली. बांडगूळ म्हणे तिले, पण रोज पाणी देये. मायले लिहिता येत नव्हतं. तिचं एक अक्षर नाही माह्यापाशी. म्हटलं, हे तरी वाचू."

"मग कापायला हात का धजत नाही?"

"तीनच पानं आहेत ना."

बुधवारी बर्फ आला. ब्लेड उकळून झालं. दहा वाजता मी सहज कपाटापाशी गेले. आत फारच शांत वाटलं. किल्ली फिरवली, नुसतं बघायला.

मागून सरांचा आवाज आला, "कशी आहे?"

"बरी आहे."

बर्फ महादेवनं पन्ह्यात घातला. तिघांनी कूलरसमोर बसून ते प्यालं, ऑर्किड मधोमध.

यादीत एकच काम राहिलं. पान कापणे: बाकी.