कांतीशेठचा दुपारचा खून

ओतूरच्या पेठेत दुपारची जेवणं उरकली की कांतीशेठच्या कापडदुकानात एक तरी खून पडतो. ऊन मी म्हणत असतं, गिऱ्हाईक नसतं, आणि शेठ गादीवर मांडी घालून वाचनालयातली रहस्यकथा मोठ्यानं वाचत असतात. अशा वेळी कुणी परकराचं कापड मागायला आलं तर पुस्तकावरची नजर न काढता म्हणतात, "थांबा वैनी, मुडदा आत्ताच घावलाय." वैनीही थांबतात. मुडद्याचं कळल्याशिवाय कापड घेऊन करायचं काय?

माझं शिवणाचं दुकान शेजारीच. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळं मशीन चालवता चालवता मला सगळं ऐकू येतं. एखाद्या ब्लाउजची बाही उलटी लागली की बायका समजून घेतात, आज गोष्ट रंगात आली असणार.

ऐकायला आणखी दोघं असतात. एक बाबूराव, कांद्याचे बागायतदार. यांचा संशय पहिल्या पानापासून चालू. पुस्तकात पोस्टमन आला तरी म्हणतील, "ह्याच्यावर नजर ठेवा." दुसरा टेकराज, नेपाळचा. एसटी स्टँडसमोर संध्याकाळी मंचुरियनची गाडी लावतो, दुपारी मोकळा असतो. सारं गाव त्याला बहादूर म्हणतं. टेकराज म्हणणारे एकटे शेठ.

शेठ स्वतः राजस्थानचे, असं लोक म्हणतात. खरं तर तिकडून आले ते त्यांचे आजोबा. शेठचा जन्म ओतूरचा, शाळा ओतूरची, आणि बोलणं माझ्यापेक्षा गावरान. म्हणून पुस्तकात मारवाडी आला की त्यांची पंचाईत व्हायची. पुस्तकातला मारवाडी कसलं तरी 'आपनको, तुमको' बोलतो, ते यांना जमेना. मग ते विचारायचे, "बाबूराव, मारवाडी कसा बोलतो हो?" बाबूराव नाकातून बोलून दाखवायचे आणि शेठ तसंच्या तसं वाचायचे. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. हा मारवाडी एक तर लबाड किंवा खुनी निघायचा, नाहीतर सुरुवातीलाच मरायचा. "मारवाडी मेला तर कुनाला वाईट वाटत न्हाई," शेठ म्हणायचे. "लिवनाऱ्याला बरं पडतं."

मागल्या उन्हाळ्यात बाबूरावांच्या विहिरीवरची मोटार रातोरात नाहीशी झाली. दुकानात येऊन ते टेकराजच्या देखत म्हणाले, "भायेरची लोकं लई वाढल्यात. रातचं कोन कुटं फिरतंय, काय कळत न्हाई." झालं. गावात बोलणं पसरायला कितीसा वेळ लागतो? टेकराजच्या गाडीवरची गर्दी आटली. एका दुपारी तो मला म्हणाला, "दीदी, मी जातो. चाकणला चुलतभाऊ आहे." दहा वर्षं इथं राहिलेला माणूस, पोरगी इथल्या शाळेत. मला लई वाईट वाटलं.

शेठनी त्याला हाताला धरून बसवलं. "गोष्ट अर्धी टाकून चालला व्हय? खुनी तरी कळू दे."

पण गोष्टही नेमकी अशी की बंगल्यात खून, आणि फाटकावर गुरखा. बाबूराव रोज टेकराजकडं बघत म्हणायचे, "गुरख्यानंच केलंय, सांगून ठेवतो." टेकराज खाली मान घालून बसायचा. शेवटचं प्रकरण आलं त्या दिवशी मी मशीन सोडून शेठच्या पायरीवरच जाऊन बसले. शेठनी पान उलटलं, चष्मा सारखा केला आणि वाचलं, "खुनी होता मालकाचा मेहुणा." टेकराजनं कधीचा हातात धरलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

पुढं मोटारही सापडली. जळाली म्हणून बाबूरावांच्या पोरानंच ती वाइंडिंगला टाकली होती, आणि बापलेकांचा अबोला असल्यामुळं सांगायचं कुणी? त्या संध्याकाळी बाबूरावांनी टेकराजच्या गाडीवर, चार लोक बघतील असं उभं राहून, प्लेटभर मंचुरियन खाल्लं. टेकराज चाकणला गेला नाही.

मला मात्र तो मेहुणा पचेना. खुनाच्या वेळी तो पाय मोडून दवाखान्यात पडला होता, हे मी याच कानांनी ऐकलेलं. पुस्तक घरी नेलं, शेवटचं पान उघडून बघितलं. खुनी गुरखाच होता.

मी शेठना गाठलं. ते आधी इकडंतिकडं बघून घेत म्हणाले, "हळू बोल ताई. लिवनाऱ्यानं कुटं तरी लांब बसून लिवलं. मला हितं टेकराजसमोर वाचायचं व्हतं." मग मी आणखी पुस्तकं चाळली. दूधवाला भय्या, बिहारी ड्रायव्हर, बंगाली आचारी, सगळे शेठनी सोडवलेले. त्यांच्या जागी कुणी मामा, कुणी वकील, कुणी घरचा डॉक्टर. त्यासाठी गोष्ट वाचायला घ्यायच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक संपवून ठेवायची त्यांची रीतच होती.

यंदा शेठचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा आला, वाचन बंद. नेमकं शेवटचं प्रकरण राहिलेलं. दोन दुपारी आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत बसलो. तिसऱ्या दिवशी टेकराजनं पुस्तक उचललं. "मी वाचू?"

"तुला मराठी वाचता येतं?" बाबूरावांनी विचारलं.

"अक्षर तेच आहे ना, नेपाळीचं. शेठ जेवायला घरात गेले की मी रोजच वाचतो. सगळी पुस्तकं वाचली."

शेठ सावरून बसले.

टेकराज अडखळत वाचू लागला. मी त्याच्या मागं उभी राहून पानावर बघत होते. या गोष्टीत एक मारवाडी सराफ होता, आणि शेवटच्या ओळीत खुनी तोच होता. टेकराजनं त्या शब्दावर अंगठा ठेवला आणि वाचलं, "खुनी होता डॉक्टर."

"आँ? मला तर मारवाडीच वाटला व्हता," बाबूराव म्हणाले.

"नाही बाबूराव," टेकराज म्हणाला. "तो तर इथलाच माणूस आहे. त्याच्यावर कशाला डाऊट घ्यायचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भय्याला सोडवलं, ड्रायव्हरला सोडवलं, गुरख्याला सोडवलं, पण मारवाड्याला सोडवायचं शेठच्या कधी मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ते नाकातून बोलत स्वतःच फासावर चढायचे आणि आम्ही हसायचो. मला रडू येऊ लागलं, म्हणून मी उगाच कापडाचे तागे नीट लावू लागले.

काळ्या चष्म्यामागं शेठचे डोळे दिसत नव्हते. ते म्हणाले, "फुडं वाच."

"संपलं, शेठ."

"मंग ते शेवटचं पान," शेठ म्हणाले, "परत एकदा वाच."