हावलिकबाईंची पश्चिम मोहीम

नेब्रास्कातल्या त्या छोट्या गावात चौथीचा वर्ग शिकवून हावलिकबाईंना एकोणीस वर्षं झाली होती, आणि आपलं काही चुकत असेल अशी शंका त्यांना त्यातल्या एकाही वर्षी आली नव्हती. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी जाहीर करून टाकलं, "बस नाही, डबे नाहीत, कुणाला उलटी नाही. बुधवारी माझी बावीस पोरं खुर्चीवरून न उठवता मिसुरी नदीनं मोंटानापर्यंत नेऊन आणते!"

एवढ्या जोरात सांगायला कारण होतं. बुधवारी शिक्षणाधिकारी ब्रोडरसनसाहेब वर्ग बघायला येणार होते. पडद्यावरच्या या सहली बंद करून तो तास परीक्षेच्या सरावाला द्यायचं त्यांच्या मनात होतं. बाईंचा मात्र या तासावर जीव होता. वर्गातल्या निम्म्या पोरांनी मक्याच्या शेतापलीकडचं जग पाहिलं होतं ते याच तासाला.

तेव्हा तयारी अगदी जय्यत झाली. दोनशे वर्षांपूर्वी याच नदीनं पश्चिमेकडे निघालेले शोधक रोजनिशी लिहीत, म्हणून प्रत्येक पोरासाठी एक वही शिवली. पानं जुनी दिसावीत म्हणून ती चहात बुडवली. साहेबांसाठी कोलाचे, म्हणजे मधे जर्दाळू भरलेले गोड पाव, घरी भाजून आणले. तिकडे मोंटानात, नदीकाठच्या संग्रहालयातला रेंजर क्लिंट त्या शोधकांसारखा कातड्याचा पोशाख घालून दहाच्या ठोक्याला कॅमेऱ्यासमोर येणार होता.

दहाला पडदा उजळला. नदी दिसली, गवत दिसलं, खुंट्याला बांधलेली, अख्खं खोड कोरून केलेली होडी दिसली. क्लिंट काही दिसला नाही. लांबवर कानांवर जाड झाकणं चढवून एक बाई यंत्रावर बसून गवत कापत होती, बस्स. हावलिकबाईंनी पाच मिनिटं गवतावर बोलून काढली. मग आणखी पाच मिनिटं गवतावरच काढली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दुसरा कोलाचा उचलला.

तेवढ्यात आयरिसनं हात वर केला. ही मुलगी आठवड्यातून एकदा बोलायची.

"बाई, मोंटानात आत्ता नऊ वाजलेत ना?"

बाईंनी झटकन घड्याळाकडे पाहिलं. पश्चिमेला गेलं की घड्याळ मागे घ्यायचं, हा धडा त्यांनीच सप्टेंबरात शिकवला होता, भिंतीवर नकाशा लावून! क्लिंटचे दहा वाजायला अजून पाऊण तास होता आणि अकराला तर पोरांच्या जेवणाची घंटा.

"आयरिस," बाई हळूच म्हणाल्या, "हे वहीत लिहू नकोस हं."

आयरिसनं पेन्सिल काही खाली ठेवली नाही. पण तिच्याकडे बघायला बाईंना वेळ मिळाला नाही, कारण पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं की होडी चालली. खरंच चालली होती. दोर खुंट्यावरून सुटला होता आणि होडी सावकाश, कुणाचा निरोप न घेता, काठापासून सरकत होती. दोन वर्षं खपून गावकऱ्यांनी ती कोरली होती, हे बाईंनीच पोरांना सांगून ठेवलं होतं. सगळा वर्ग गवतवालीला हाका मारू लागला. कॅमेऱ्याशेजारच्या कर्ण्यातून त्या तिकडे पोचतही असतील, पण ती आपली गवत कापतेय. संग्रहालयाचा फोन वाजून वाजून थकला.

चौथीतल्या प्रत्येक पोराच्या बाकात एक प्लॅस्टिकची बासरी असते. संगीताचा तास सोडून ती बाहेर काढली तर हावलिकबाई आठवडाभर जप्त करत. त्या आवाजानं त्यांची अर्धशिशी उठायची. बाईंनी एकदा होडीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं.

"बासऱ्या काढा," बाई म्हणाल्या.

वर्गाला वाटलं, बाईंना भोवळ येतेय.

"काढा म्हणते ना! आणि सगळ्यात वरचा सूर, जीव खाऊन!"

बावीस बासऱ्या एकदम किंचाळल्या. साहेबांच्या हातचा कोलाचा खाली पडला. मोंटानात नदीवरचे बगळे उडाले आणि गवतवाली यंत्रावरून उडीच मारून उतरली. कानावरची झाकणं काढून ती कर्ण्याकडे बघू लागली.

"होडी! तुमच्या डावीकडे!" पोरं ओरडली.

"माझ्या का तुमच्या?" तिनं विचारलं.

"तुमच्या!"

ती बुटांसकट मांडीभर पाण्यात शिरली आणि दोराचं टोक तिनं अगदी शेवटच्या क्षणी पकडलं. वर्गात असा जल्लोष झाला की शेजारची पाचवी दारात जमली. ब्रोडरसनसाहेब चक्क बाकावर उभे होते.

अकराला पोरं जेवायला पळाली. पडद्यावर क्लिंट नटूनथटून वेळेवर हजर झाला आणि रिकाम्या बाकांना नमस्कार करून बसला. साहेब वह्या चाळत होते. आयरिसची त्यांनी मोठ्यानं वाचली: "आज आम्ही पश्चिमेला गेलो. तिथे एक तास कमी वाजतो हे आमच्या कप्तानाला माहीत नव्हतं. म्हणून होडी वाचली."

बाईंना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तास राहील," साहेब हसत म्हणाले. "आणि मोंटानाच्या वेळेचं एक घड्याळ मी स्वतः लावून पाठवतो. परत घोटाळा नको."

पुढच्या सोमवारी घड्याळ आलं. बाईंनी ते जुन्या घड्याळाशेजारी मोठ्या अभिमानानं टांगलं, आणि मग नीट पाहिलं. साहेबांचं मोंटाना एक तास पुढे होतं.

बाई स्टुलावर चढल्या आणि गुपचूप काटे दोन तास मागे घेतले. वळून पाहतात तो आयरिस वही उघडून बसली होती.