लाल निशाणाचं सैन्य

टण्ण!

ओट्यावरून वाटी घरंगळली आणि मी श्वास रोखला. तासभर थोपटून झोपवलेल्या बाळानं एक डोळा उघडला, माझ्याकडे संशयानं पाहिलं, मिटला. सुटले! लगेच टॅबलेट काढला आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माझ्या राज्यात शिरले.

त्याचं असं झालं. भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, या लढाईच्या खेळात मला आव्हान दिलं. "वहिनी, रविवारी समोरासमोर! तुम्ही जिंकलात तर दर रविवारी दुपारी दोन तास दोन्ही पोरं मी सांभाळीन."

दोन तास! सलग झोप! त्यासाठी मी खराखुरा किल्लासुद्धा सर केला असता. आणि दोन पोरांना एकाच वेळी आंघोळ घालणाऱ्या बाईला सैन्य म्हणजे काय हो अवघड?

भावजींनी मला निळ्या निशाणाचं खातं काढून दिलं, याच टॅबलेटवर स्वतःचा खेळ उघडून सगळं समजावलं आणि घाईघाईनं अभ्यासाला पळाले.

पहिल्या दिवशी मी नुसते हत्तीच घेतले. काय भारदस्त दिसतात! त्यांनी धान्याचं अख्खं कोठार फस्त केलं, वर माझेच चाळीस शिपाई तुडवले.

"आई, रागव ना त्यांना," माझी सहा वर्षांची लेक म्हणाली.

"रागावले गं. तुझ्यावरच गेलेत."

मग अक्कल आली. भालाईत पुढे, तिरंदाज मागे, घोडेस्वार दोन्ही बाजूंना, हत्ती फक्त दोन. आठवडाभर, बाळ झोपलं की कवायत! दमलेल्यांना रजा, जखमींना सक्तीचा आराम. एवढे लाड माझे माहेरीही झाले नव्हते!

मधेच शंका आली. "आपलं निशाण निळं होतं ना गं? हे लाल कसं?"

"काकानं बदललं असेल."

पटलं! झोप अपुरी असली की माणसाला काहीही पटतं.

रविवारी भावजी पडक्या चेहऱ्यानं आले. "परीक्षेच्या नादात खेळ उघडलासुद्धा नाही, वहिनी. हरलोच समजा."

"आता माघार नाही!" मी गरजले.

त्यांनी फोनवर आपला खेळ उघडला आणि डोळेच विस्फारले. "सहा हजार? माझे? आणि हे हत्ती कुठले?"

"हत्ती माझे आहेत!"

भावजींनी माझ्या टॅबलेटकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "वहिनी... आठवडाभर तुम्ही माझ्याच खात्यातून खेळताय."

मी लगेच माझं खातं उघडलं. निळ्या निशाणाखाली अकरा जण. त्यातला एक भाल्याला टेकून घोरत होता. निदान त्याला तरी झोप मिळत होती!

"ठरलं ते ठरलं," म्हणत भावजींनी रणशिंग फुंकलं. लाल भालाईत निघाले. काय ती शिस्त! तिरंदाजांचे बाण नेमक्या क्षणी सुटले. माझा ऊर असा भरून आला की मी "शाब्बास रे!" म्हणून ओरडलेच. दीड मिनिटात निळे सफाचट!

माझ्या ओरडण्यानं बाळ उठलं, भोकाड पसरलं. भावजी हात वर करून नाचायला लागले. रडणारं बाळ खांद्यावर टाकून मी पडद्याकडे बघत राहिले. लेकही टाळ्या पिटत होती. मग एकाएकी थांबली, माझा पदर ओढला.

"आई, यातले आपले कुठले गं?"