सासूबाईंच्या चिठ्ठीतली दुरुस्ती

छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे अनुस्वारराव म्हणत. चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचाच. (स्वतःच्या लग्नपत्रिकेवरही त्यांनी लाल पेन चालवलं होतं. सासरेबुवांचं नाव त्यातच उडालं.)

आठवडाभर ते खोकत होते, आणि नेमकी त्याच आठवड्यात मुख्य तपासनिसाची जागा रिकामी झाली. सोमवारी मालक दोघांकडून एक मजकूर मोठ्याने वाचून चुका काढून घेणार होते. एक अनुस्वारराव, दुसरा शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला. अनुस्वाररावांनी वीस वर्षं या जागेवर डोळा ठेवलेला, आणि आता दोन शब्द बोलले की तिसरा खोकल्याचा!

सासूबाईंनी कडू पाल्याची पुडी धाडली. सोबत चिठ्ठी : 'एका पानाला दहा पेले पाणी. उकळून घोटभर प्यावे.'

"तुझ्या आईने घाईत उलटं लिहिलंय," म्हणत अनुस्वाररावांनी पेन काढलं. दहा पानांना एक पेला. 'घोटभर'सुद्धा खोडलं.

"अहो, चाळीस वर्षं करतेय ती हा काढा!" बायको म्हणाली.

"आणि चाळीस वर्षांत कुणी तपासलं नाही!"

सोमवारी सकाळी अख्खा पेला एका दमात पोटात गेला. अगं आई गं! जीभ आत पळाली, ओठ थरथरायला लागले, डोळ्यांना जी धार लागली ती छापखान्यात पोचेपर्यंत थांबेना. खोकला मात्र गायब!

मालकांनी परीक्षेला स्वतःच्याच कवितांची वही काढली. चष्मेवाल्याने खडाखडा वाचून चौदा चुका दाखवल्या. मालकांचं तोंड एवढंसं झालं.

मग अनुस्वारराव उठले. "तू गेलीस, आणि कपाट रिकामं झालं..." कडूपणा पुन्हा घशाशी आला. हुंदका फुटला. डोळ्यांपुढे सगळं धूसर. चुका कसल्या दिसतायत! तरी गडी शेवटपर्यंत वाचत राहिला.

मालक स्वतः रुमाल शोधत होते.

"चुका काय, कुणीही काढेल! ती जागा देऊन टाकतो त्या चष्मेवाल्याला," ते गहिवरून म्हणाले. "तुम्ही उद्यापासून रोज मला कविता वाचून दाखवायच्या. अजून बावीस वह्या आहेत."

घरी येऊन अनुस्वाररावांनी खोकून पाहिलं. खिडकीत उभं राहून, पोट दाबून, पुन्हा खोकून पाहिलं. मेला खोकला मुळासकट गेला होता. आता रजा मागायची तरी कोणत्या तोंडाने?