दादूचा भोंगा

थळच्या मच्छीमार संस्थेचा कॉम्प्युटर हर्षदच्या पडवीत होता आणि भोंगा छपरावर. भोंग्यातून रोज संध्याकाळी त्याचा बाप दादू वाऱ्याची खबर देई. दादू गेल्या पावसातच वारला होता. पण त्याचे शब्द हर्षदने आधीच रेकॉर्ड केले होते. हवामान पाहून प्रोग्रॅम ते जुळवी आणि दादू ओरडे, "वारा हाय! होड्या बांधा, गाढवांनो!" तेवढं ऐकायला हर्षदची आई मनुबाई पडवीत येई. एरवी ती कोणाशी बोलत नसे.

आईसाठी आवाजातली खरखर काढावी म्हणून हर्षदने नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं तयार सामान, आणली. कॉम्प्युटर म्हणाला, इथलं पायथन, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारं सामान, माझ्या कामाचं आहे. तुझं सामान वेगळं मांड. हर्षदने ते तिथेच कोंबलं. प्रोग्रॅम बंद पडला. मग त्याने पायथनच मुळासकट काढायला घेतलं. कॉम्प्युटरने अख्खं वाक्य लिहून मागितलं : 'होय, मी सांगतो तेच कर.'

हर्षदने लिहिलं. कॉम्प्युटरने केलं. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहिली.

"काय केलंस?"

"आये, आपलं सामान ठेवायला जुनं काढलं. पन ते कॉम्प्युटरचं सोताचं व्हतं."

"म्हंजे लग्नाला वाडीची पातेली आनली, नि आपली ठेवायला जागा न्हाय म्हनून वाडीचीच खाडीत फेकली?"

"व्हय."

"पातेल्यावरचं नाव तरी वाचायचं! बापाचा आवाज गेला?"

"आवाज हाय. बोलवनारा गेला."

"बोलनारा तर आधीच गेलाय," मनुबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

संध्याकाळी मोबाइलवर वादळाचा इशारा आला. हर्षद घाम पुसत एकेक सामान परत बसवत होता. तेवढ्यात होडीवाला येसाजी तांडेल दारात आला. "आज दादू गप का?"

"बरं न्हाय त्याला," हर्षद बोलून गेला.

"मेल्यावर पन?"

मनुबाई उठली. तिने भोंग्याला जोडलेला माइक ओढला. "वारा हाय! होड्या बांधा, गाढवांनो! येसाजी, तू पयला!" मध्येच तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही, एकेकाचं नाव घेऊन झाडत सुटली. येसाजी धावतच किनाऱ्याकडे गेला.

तिच्या पाठीमागे पडदा उजळला. या वेळी हर्षदने आपलं सामान वेगळं मांडलं होतं. एक बटण दाबायचं, की दादू बोलणार.

"झालं का रे?" मनुबाईने माइक न सोडताच विचारलं.

हर्षदने पडदा मालवला. "न्हाय, आये. उद्या पन तुलाच बोलायला लागंल."

"बापासारखाच! मोडायचं तेवढं येतं," भोंग्यातून अख्ख्या वाडीला ऐकू गेलं.