चिपळूणचा जर्मन

नातीच्या खोलीचं दार वाजवून "मी पण खेळू का?" एवढंच विचारायचं, हे ठरवायला प्रभाकरराव मुळ्यांना अख्खा आठवडा लागला. (डॉक्टरेटचा विषय त्यांनी याहून लवकर ठरवला होता. विषय होता माती.)

ज्ञानदा पुढच्या महिन्यात कॉलेजसाठी हैदराबादला निघाली होती. एके काळी आजोबांच्या खांद्यावर बसून जयपुरातल्या मानसरोवर भागातल्या सगळ्या बागा पालथ्या घालणारी ही मुलगी हल्ली हेडफोनच्या आत राहायला गेली होती. जाण्यापूर्वी ती आपल्याशी दोन शब्द नीट बोलेल का, ही काळजी प्रभाकररावांना लागली होती. आणि काळजी करायची तर ती सविस्तर करायची, अशी त्यांची पद्धत.

ती खेळायची तो खेळ पहिल्या महायुद्धाचा. खंदक, चिखल, काटेरी तारा, आणि पडद्यावरच्या प्रत्येक सैनिकामागे कुठेतरी खुर्चीत बसलेला खरा माणूस. त्या रविवारी दुपारी जयपुरातल्याच दोन टीमची मॅच होती, आणि ज्ञानदाच्या टीममधला गौरांग नेमका चुलतभावाच्या लग्नात बस्सी गावी अडकला होता. फ्रेंचांकडे एक सैनिक कमी पडत होता.

"आजोबा, जमेल तुम्हाला?"

"बहुतेक नाही जमणार," प्रभाकरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"चलेगा. फक्त ह्या खंदकात बसायचं आणि ही वाट सांभाळायची. कोणी आला की शूट. मतलब, विचार नाही करायचा."

(नेमकं तेवढंच त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.)

तर ज्ञानदा तिच्या खोलीत, प्रभाकरराव हॉलमध्ये डायनिंग टेबलाशी, आणि दोघं मिळून फ्रान्समध्ये. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी शालिनीताई म्हणाल्या, "अहो, स्वेटर घाला. खंदकात ओल असते."

ओल होतीच. प्रभाकररावांनी बंदूक खाली करून भिंत निरखली. "ज्ञानदा, ही भिंत टिकायची नाही गं. इतक्या भिजलेल्या मातीत असा सरळ काप घेत नाहीत."

"आजोबा, माती नंतर! समोर बघा!"

ते समोर बघू लागले. मॅच बरोबरीत होती आणि सगळा भार आता त्या वाटेवर होता. हेडफोनमध्ये कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. एवढ्यात धुक्यातून आवाज आला (शत्रू जवळ आला की त्याचंही बोलणं ऐकू येतं, अशी त्या खेळात सोय होती), "आयला, काय चिखल आहे!"

अर्धं आयुष्य जयपुरात काढलेल्या मराठी माणसाच्या कानावर भाजीबाजारात, मेट्रोत, दवाखान्याच्या रांगेत अचानक मराठी पडलं की त्याचं काय होतं, ते त्यालाच ठाऊक. प्रभाकरराव खंदकात ताडकन उभे राहिले.

"कोण, मराठी का?"

धुक्यातला जर्मन सैनिक थबकला. "हो... तुम्ही पण?"

"मी मुळ्ये, मानसरोवरचा. तुम्ही मूळचे कुठले?"

"चिपळूणचा. राघव साळवी. इथे कंपनीत आहे, बनी पार्कला राहतो. काका, जरा खाली वाका ना, डोकं दिसतंय तुमचं."

"दिसू दे हो. चिपळूणला कुठे?"

"आजोबा, शूट!" हे हेडफोनमधूनही आलं आणि बंद दारातूनही.

"अगं, चिपळूणचे आहेत! बरं, जेवणाचं काय करता?"

"डबा लावलाय, काका. रोज बटाटा."

"रोज?" प्रभाकररावांना ते ऐकवेना. "अहो, ऐकलंत का, पुढच्या रविवारी एक पान जास्त! साळवी, लिहून घ्या हो पत्ता. मेट्रोतून उतरलात की..."

ते पत्ता सांगत असताना राघवच्या मागून बाकीची जर्मन पलटण एकेक करून खंदकात उतरली. वाट अरुंद होती म्हणून प्रभाकरराव अंग चोरून बाजूला झाले. पत्ता संपेपर्यंत पलीकडे फ्रेंचांचा झेंडा उतरला होता.

"सॉरी हं काका," राघव अदबीने म्हणाला आणि त्याने गोळी झाडली.

पडदा काळा झाला. प्रभाकरराव प्याज कचोरीची बशी घेऊन नातीच्या दाराबाहेर उभे राहिले. हात वर करावा, पुन्हा खाली घ्यावा, असं बराच वेळ चाललं.

"जा ना आत," शालिनीताई म्हणाल्या.

"रागावली असेल हो. बोलायची नाही आता."

"रागावलेल्या माणसाला भूक जास्त लागते. जा."

आत ज्ञानदा उशीत तोंड खुपसून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मग तिने तोंड वर केलं. ती हसत होती.

"आजोबा, तुम्ही एनिमीला जेवायला बोलावलं?"

"अगं, बटाटा खातो गं रोज."

तिने पलंगावर सरकून जागा केली. हेडफोन काढून ठेवले. "सगळ्यांना का विचारता, कुठले तुम्ही म्हणून?"

"इथे आलो तेव्हा घराबाहेर पडलं की दिवसभर कुणी मराठीत काही विचारायचंच नाही. मग मीच विचारायला लागलो."

ज्ञानदा कचोरीचा पापुद्रा सोलत राहिली. "हैदराबादमध्ये मला कोण विचारणार?"

"मी विचारीन की. फोनवर, रोज. तुम्ही कुठल्या?"

"मानसरोवरच्या," ती म्हणाली आणि तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. "तिकडे गेल्यावर दर संडेला हॉस्टेलमधून मी खेळणार आहे. तुम्ही पण या."

"पण टीम घेईल का मला?"

"मीटिंग झाली आत्ता. सगळे म्हणाले, आजोबा पाहिजेच."

"खरंच?"

"समोरच्या टीममध्ये."

"हां. म्हणजे राघवकडे."

"त्याला पण विचारलं. तो म्हणाला, नको नको, काका आहेत तिथेच बरे आहेत."

"म्हणजे मी तुझ्याच बाजूला?" प्रभाकररावांनी डोळे पुसत विचारलं.

"दुसरं कोणी घेतच नाही ना, आजोबा."