पाच किलो वांगी, एक ग्लास वाईन

खोटं बोलायचं एक शास्त्र आहे, आणि त्यात मी पीएच.डी. आहे! खोटं नेहमी हंगाम बघून बोलावं. जानेवारीत जळगावात "भरीत पार्टीला चाललोय" म्हटलं की पुढे कुणी एक अक्षर विचारत नाही. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या वावरात वांगी भाजली जातातच.

म्हणून शाळेतल्या आम्ही तिघी शिक्षिका, म्हणजे शीतल, सुलक्षणा आणि मी, भरीत पार्टीच्या नावाखाली वाईन प्यायला निघालो. शीतल नाशिकला ती चाखून आली होती. तेव्हापासून स्टाफरूममध्ये पाण्याचा ग्लाससुद्धा गोल गोल फिरवून, हुंगून प्यायची! मला एकच प्रश्न छळत होता. ती लागते तरी कशी? द्राक्षासारखी? खोकल्याच्या औषधासारखी? बेचाळीस वर्षं मी या अज्ञानात काढली होती. आता बास!

रविवारी सकाळी सासूबाईंना म्हटलं, "अक्का, सुलक्षणाच्या वावरात भरीत पार्टी आहे. जाऊन येते."

आमच्या अक्का, म्हणजे वच्छलाबाई, धुळ्याकडच्या, अस्सल अहिराणी बोलणाऱ्या. त्या आत गेल्या आणि एक भलीमोठी पिशवी घेऊन आल्या.

"हाई पाच किलो बामणोदना वांगा. बठ्ठा लई जाय. आन् येतांना मन्हा डबा भरी आण."

बामणोद गावची ही सगळी वांगी न्यायची, वर डबाही भरून आणायचा. आली का पंचाईत! भरीत पार्टीहून डबा न आणता परतलेली सून खानदेशात अजून जन्मायची आहे. अक्कांना कळलं असतं तर आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तासाभराने आम्ही बारच्या पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये बसलो होतो. तीन बायका, तीन पर्स आणि वांग्यांची पिशवी.

"मॅडम, बाहेरचं खाणं आत चालत नाही," वेटर म्हणाला.

"अहो, कच्ची आहेत!"

शेवटी शीतलने आचाऱ्याला, बन्सीलालभाऊंना, गळ घातली. ते वांगी तंदूरमध्ये भाजून भरीत करून द्यायला तयार झाले. माझा जीव भांड्यात पडला. बाटली आली, ग्लास भरले. मी माझा ग्लास फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. आणि वास आला... टमाट्याचा!

ग्लास ठेवून मी स्वयंपाकघराकडे धावले.

"बन्सीलालभाऊ! भरतात टमाटा?"

"मॅडम, बैंगन भरता असाच असतो."

"तुमचा असेल! अक्कांनी याचा एक घास खाल्ला, की मी मेलेच!"

पदर खोचला. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं मागवलं. ठेचायला लाकडी बडगी आणि मुसळी कुठून आणणार? कोपऱ्यात पडलेल्या वाईनच्या एका रिकाम्या बाटलीच्या बुडानेच वांगी ठेचली. फोडणी अशी बसली, की वास पडदे ओलांडून पार जिन्यापर्यंत गेला. पाठोपाठ मॅनेजर आला.

"मॅडम, चार नंबरला दोन प्लेट भरीत."

"अहो, मी गिऱ्हाईक आहे!"

"ते खरं, पण त्यांनी ऑर्डर दिलीय."

चार नंबर झाला, मग सात नंबर, मग एक साखरपुड्याची मंडळी! पाच किलोंतून एक डबा कसाबसा वाचवून मी टेबलाशी परतले. माझा ग्लास रिकामा. बाटलीही रिकामी.

"उघडी राहिली की बिघडते गं," शीतल म्हणाली. "म्हणून आम्ही संपवली."

दुसरी मागवावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात अक्कांचा फोन. "मी जेवाले थांबेल शे. डबा कोठे शे?"

घरी आल्या आल्या अक्कांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. मग डोळे मिटून हळूहळू चावत बसल्या.

"हाई भरीत कोळसावर भुजेल शे."

मी घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"वावरमा कपाशीन्या काड्या ऱ्हातस. कोळसा कोठून उना? हाटेलमा गई व्हती ना?"

संपलं! माझी पीएच.डी. दोन घासांत खलास झाली. मी सगळं ओकून टाकलं. बार, पडदा, वाईन, सगळं. अक्का उठल्या. मला वाटलं, आता माझ्या नवऱ्याला हाक मारणार. पण त्यांनी दाराला आतून कडी लावली आणि माझ्या अगदी जवळ येऊन बसल्या.

"आते खरं सांग. कशी लागस ती?"

"अक्का, देवाशप्पथ, मला माहीत नाही. मी प्यायलेच नाही."

"बारमा गई, आन् पिनी नही?"

"भरीत करत होते हो!"

अक्कांनी ताट बाजूला सारलं. "इतलं खोटं नको बोलू वं, सारिका!"

दिवसभरातलं माझं सगळ्यात खरं वाक्य नेमकं तेच होतं! पण अक्का घास काही उचलेनात. शेवटी मीच मान खाली घातली.

"आंबट-गोड लागते, अक्का. थोडीशी खोकल्याच्या औषधासारखी."

"हां!" अक्का म्हणाल्या, आणि ताट पुढे ओढलं.